जर्मलला भोकं का पडतात?

पत्र, थोडक्यात:

नमस्कार. वय ४१, लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये नोकरी. भांडुपला बैठ्या चाळीत राहतो. खोलीमागे सहा बाय नऊ फुटांची पत्र्याची शेड आहे, तिथे रविवारी माझा कारखाना चालतो. लोखंडाचं वेल्डिंग चार वर्षं करतोय. ग्रिल, स्टँड, शेजाऱ्यांच्या गेटची बिजागरं, सगळं जमतं. आता अॅल्युमिनियमकडे वळायचंय. दोन कामं डोक्यात आहेत. गणपतीसाठी घडीचं हलकं मखर आणि वडिलांच्या व्हीलचेअरसाठी उचलून ठेवता येईल असा पाच फुटी रॅम्प. दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत, मिळून १४ इंच. माझ्याच इन्व्हर्टर आर्क मशीनवर अॅल्युमिनियमचे रॉड लावून खिडकीच्या जुन्या सेक्शनवर प्रयत्न केला. एकतर रॉड चिकटतो, नाहीतर भसकन भोक पडतं. मित्र म्हणतो टिग मशीन घे, सगळं सुटेल. साठ हजार बाजूला काढलेत. बायको म्हणते, त्यात नवा फ्रिज येईल. कुठलं मशीन घेऊ?
– भोकं पाडणारा भांडुपकर

उत्तर:

भांडुपकर, फ्रिज की मशीन हा निकाल मी देणार नाही. माझ्या स्वतःच्या घरात तो अधिकार मला कधी मिळाला नाही, तुमच्या घरात कुठून चालवू? पण साठ हजार अजून तुमच्याकडेच आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. कारण तुम्ही लिहिलेल्या दोन कामांपैकी एकालाही वेल्डिंग लागत नाही. थांबा, रागावू नका. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकायला माझी ना नाही. मखरासाठी आणि रॅम्पसाठी म्हणून शिकू नका, एवढंच. का, ते पुढे येईल. आधी भोकांचं बघू.

माझी आजी अॅल्युमिनियमला जर्मल म्हणायची. जर्मलचं पातेलं गॅसवर रिकामं राहिलं की घर डोक्यावर घ्यायची. आम्ही म्हणायचो, अगं लाल कुठे झालंय? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, ‘ते लाल होत नाही, थेट बसतं.’ तुमच्या शेडमध्ये नेमकं हेच होतंय. चार वर्षं लोखंडावर तुमचे डोळे तयार झालेत. लोखंड तापताना आधी काळपट लाल, मग केशरी, मग पिवळं होतं. वितळायच्या आधी तीनदा हाक मारतं. ते वितळतं १५०० अंशांच्या आसपास, त्यामुळे सावध व्हायला वेळही मिळतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर उजेडात त्याचा रंग काही बदलत नाही. तुम्ही लालीची वाट बघत बसता आणि तुकडा पायाशी पडलेला असतो.

दुसरी भानगड सायीची. अॅल्युमिनियमला हवा लागली रे लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो घासून काढला तरी लगेच नवा धरायला लागतो. हा थर वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आत दूध उकळतंय, वर साय घट्ट, आणि साय फाटली की सगळं उतू. वितळलेल्या धातूचा थेंब जागेवर आलेला दिसत नाही, कारण तो सायीखाली असतो. तुम्ही अजून थोडं तापवता, आणि मग भसकन.

तिसरं, अॅल्युमिनियम उष्णता पळवतं. साध्या लोखंडापेक्षा चौपट तरी वेगानं. सुरुवातीला तुम्ही दिलेली सगळी उष्णता तुकडाभर पसरते, जोडाच्या जागी काही उरत नाही, म्हणून रॉड चिकटतो. अर्ध्या मिनिटानं सगळा तुकडाच तापलेला असतो, आता उष्णतेला पळायला जागा नाही, म्हणून भोक. तुमच्या दोन्ही तक्रारी इथे एकत्र येतात.

आणि तुम्ही सराव कशावर केलात? खिडकीच्या सेक्शनवर. त्याची जाडी बहुतेक मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. वर अॅनोडायझिंग, म्हणजे मुद्दाम चढवलेली जाड साय. हातात फ्लक्सचा, म्हणजे साय विरघळवणाऱ्या रसायनाचा लेप असलेला रॉड, जो तीन मिलिमीटरच्या खाली उस्तादालाही नकोसा होतो. पोहायला शिकायचं म्हणून ऐन भरतीत भाऊच्या धक्क्यावरून उडी मारल्यासारखं झालं हे. त्या रॉडचा फ्लक्स ओल धरतो आणि जोडावर राहिला तर अॅल्युमिनियम खातो. ज्या तुकड्यांवर प्रयोग केलेत ते गरम पाण्यानं आणि ब्रशनं धुऊन ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी पांढरी पूड दिसेल.

आता मशीन. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पातळ अॅल्युमिनियमला टिग लागतं, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या सळीतून आर्क काढून, आर्गन वायूच्या आडोशात करायचं वेल्डिंग. पण एसी टिग. बाजारात स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर ‘टिग’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि आत असतं फक्त डीसी. त्यावर स्टेनलेस छान होईल, लोखंड छान होईल, अॅल्युमिनियम नाही. एसीमध्ये करंट दर सेकंदाला शंभर-शंभर वेळा उलटसुलट होतो. एका फेरीत टंगस्टन पॉझिटिव्ह असतं, ती झाडूची फेरी. साय फोडून बाजूला सारते. दुसऱ्या फेरीत टंगस्टन निगेटिव्ह, ती चुलीची फेरी, धातू वितळवते. या दोन फेऱ्यांची वाटणी कमी-जास्त करता येते, त्याला बॅलन्स म्हणतात. सत्तर टक्के चूल, तीस टक्के झाडू इथून सुरुवात करा. झाडू वाढवला तर टंगस्टनचं टोक गोळा होऊन हलायला लागतं, चूल वाढवली तर थेंबावर काळे-राखाडी कण तरंगायला लागतात.

म्हणून मशीन घेताना दुकानदाराला ‘अॅल्युमिनियम होईल का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. ‘एसी आहे का, बॅलन्स फिरवता येतो का, हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट आहे का, पायाचं पेडल जोडता येतं का’ असं विचारा. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट म्हणजे टंगस्टन धातूला न टेकवता आर्क पेटणं. पेडलला मी फार मानतो. तुकडा तापत जातो तसा करंट उतरवावा लागतो, आणि एक हात टॉर्चमध्ये, म्हणजे टंगस्टन धरणाऱ्या मुठीत, आणि दुसरा फिलरमध्ये, म्हणजे जोडात वितळवायच्या सळीत, अडकलेला असताना ते काम पायच करू शकतो. घरातल्या शिवणयंत्रावर बसून बघा, पाव तास. हसू नका, मी दोन पोरांना असंच शिकवलंय. २०० अँपिअरचं सिंगल फेज मशीन घरच्या कामाला पुरून उरतं. डब्यावर लिहिलेल्या आकड्याला भुलू नका, ड्युटी सायकल, म्हणजे दर दहा मिनिटांत किती मिनिटं वेल्डिंग करता येतं तो आकडा, किती अँपिअरला दिली आहे ते वाचा.

पण साठ हजारांत नुसतं मशीन धरलंय तुम्ही. आर्गनचा सिलिंडर, रेग्युलेटर, टंगस्टन, फिलर, अॅसिटोन, चांगला हेल्मेट, शिवाय सरावाला जाळायचा पत्रा. आर्गनचा सिलिंडर मोरपंखी निळ्या रंगाचा असतो. दीड घनमीटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला आठ लिटरच्या हिशेबानं तीन तासच चालतो, आणि शिकाऊ हात त्यातला निम्मा हवेत सोडतो. मोठा सात घनमीटरचा साडेचौदा तास देतो, पण तो चाळीच्या बोळातून आणायचा कसा आणि शेडमध्ये साखळीनं उभा बांधायचा कुठे, हे आधी ठरवा.

त्याआधी एक शनिवार काढा. कुर्ल्यात, साकीनाक्याच्या खैरानी रोडच्या आसपास, नाहीतर तुमच्याच भांडुपच्या गाळ्यांमध्ये फिरा. ‘येथे आरगन वेल्डिंग करून मिळेल’ अशी पाटी दिसेल तिथे थांबा. कारागिराला नीट सांगा की मला शिकायचंय, तासाचे पैसे देतो, गॅसचे वेगळे देतो, पत्रा माझा आणतो. चार जण हाकलतील, पाचवा बसवून घेईल. आयटीआयमधला वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे, नोकरी करून तुम्हाला ते जमणार नाही, हे जमेल. त्या दोन-तीन तासांत कळेल की हा छंद तुमचा आहे की नाही. नसला तर घरात फ्रिज येईल.

धातूची ओळख हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि घरगुती मंडळी नेमका तोच सोडतात. लोखंड म्हणजे लोखंड, इतकं सोपं इथे नाही. खिडक्यांचे सेक्शन, चौकोनी पाइप हे बहुतेक ६०६३ या ग्रेडचे. थोडं ताकदीचं काम असलं की ६०६१. वाकवायचा पत्रा हवा तर ५०५२ मागा; ६०६१चा टी-६, म्हणजे कडक केलेला पत्रा काटकोनात वाकवायला गेलात तर घडीवर तडकतो. ही सगळी वेल्ड होतात. ७०७५ किंवा २०२४ मात्र नेहमीच्या पद्धतीनं वेल्ड करायची नाहीत. जोड छान दिसतो आणि थंड होताना किंवा नंतर चिरतो. भंगारात कोणी ‘विमानाचं अॅल्युमिनियम आहे, एकदम टफ’ म्हणून गळ्यात मारू लागला तर नमस्कार करून पुढे जा. गुलालवाडीत धातूच्या दुकानात ग्रेड सांगून नवा माल घ्या. सराव भंगारावर करून पैसे वाचत नाहीत, कारण चूक हाताची की धातूची ते कळतच नाही.

भंगारातल्या कव्हर-हाउसिंगबद्दल आणखी एक. दिसायला अॅल्युमिनियम, पण हातात फारच हलकं लागलं तर कोपरा कानशीनं घासा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम समजा. त्याला ग्राइंडर लावू नका, वेल्डिंग तर नाहीच. त्याचा कीस पेटला तर पाण्यानं विझत नाही, भडकतो.

आता तुमची दोन कामं. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो, तसंच काहीसं ६०६१ आणि ६०६३ला कारखान्यात दिलेलं असतं. सव्वापाचशे अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करायचं, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास शिजवायचं. टी-६ म्हणजे ते. वेल्डिंगनं जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण इंचभर ते पाणी उतरतं आणि तेवढ्या पट्ट्यात ताकद जवळपास निम्मी होते. जोड कितीही सुबक असो. तुटतं तेव्हा जोडावर तुटत नाही, शेजारी तुटतं, आणि बघणारे म्हणतात वेल्डिंग पक्कं होतं. घरी ती भट्टी लावता येत नाही. म्हणून अॅल्युमिनियममध्ये जोड कुठे येतोय हे जोड कसा आलाय याच्याइतकंच बघावं लागतं.

रॅम्पवर वडील असणार, व्हीलचेअर असणार, ढकलणारा माणूस असणार. तुम्ही लिफ्टचं काम करता. पहिल्या वर्षाच्या पोरानं केलेल्या जोडावर तुम्ही केबिन टांगाल का? शिवाय रॅम्पचं गणितच चुकलंय. व्हीलचेअरच्या उताराला एक इंच उंचीमागे बारा इंच लांबी धरतात. १४ इंचाला १४ फूट झाले. पाच फुटांत तुम्ही तेरा अंशांचा उतार करताय, म्हणजे नियमाच्या जवळपास तिप्पट उभा. पावसात ओल्या पत्र्यावर वडील मागे आले तर तुम्हाला धरवणार नाहीत. आणि १४ फुटी रॅम्प उचलून ठेवायचा म्हणाल, तर अडीच फूट रुंदीचा नुसता तीन मिलिमीटरचा पत्राच सव्वीस किलोचा, खालचे चॅनेल वेगळे. चाळीच्या मंडळींशी बोला, गवंडी बोलवा, भिंतीला समांतर सिमेंटचा खडबडीत उतार काढून घ्या, बाजूला कठडा. तो मात्र लोखंडाचा, आणि त्याचं वेल्डिंग तुम्ही करा. चार वर्षांचा हात आहे तुमचा.

मखर तर वेल्ड करूच नका हो. अकरा महिने माळ्यावर राहणारी वस्तू ती. दर वर्षी सुटी व्हायलाच हवी. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, कोपऱ्यांना आतून बसणारे जोड, जिथे कायमचं बसवायचं तिथे पॉप रिव्हेट, जिथे सुटायचं तिथे बोल्ट नि फुलपाखरी नट. थर्माकोलला २०१८ मध्ये बंदी आल्यापासून अशा चौकटी दादर-लालबागकडे कितीतरी दिसतात; एकदा जवळून बघा, कोपऱ्यात वेल्डिंग सापडणं कठीण. स्टेनलेसचे स्क्रू लावणार असाल तर मध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला. आपल्या खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम झिजतं.

मग शिकायचं कशावर? तीन मिलिमीटरची सपाट पट्टी घ्या. खूण म्हणून लक्षात ठेवा, दर मिलिमीटर जाडीला साधारण चाळीस अँपिअर, म्हणजे इथे १२०. टंगस्टन २.४ मिलिमीटरचं लँथनेटेड, म्हणजे लँथनम मिसळलेलं, गॅस मिनिटाला आठ ते दहा लिटर. पट्टी आधी अॅसिटोननं पुसा, मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासा. हा क्रम उलटा केलात तर तेल घासून आत बसवाल. ब्रश नवा आणि फक्त अॅल्युमिनियमचा. ज्यानं कधी लोखंड घासलं तो चालत नाही. गाडीच्या ब्रेकवर मारायचा क्लोरीनवाला स्प्रे सफाईला अजिबात वापरू नका, आर्कजवळ त्याचा विषारी वायू होतो.

आता पेडल दाबा आणि काहीच करू नका, नुसतं बघा. आर्कभोवती आधी एक पांढुरकं, दहिवरासारखं कडं उमटेल. झाडू फिरतोय. कड्याच्या आतली जागा अजून कोरडीच दिसते. मग एकाएकी, छोट्याशा जागेत, पृष्ठभाग ओला होतो. फुटलेल्या तापमापकातला पारा पाहिला असेल तर तसा. त्यात टंगस्टनच्या टोकाचं प्रतिबिंब दिसतं. फिलर द्यायचा क्षण तो. त्याआधी दिलात तर फिलर वितळून नुसता वर बसतो, खाली धरत नाही. फिलरचं टोक थेंबाच्या पुढच्या कडेला टेकवा, मागे घ्या, टॉर्च दोन मिलिमीटर पुढे. टेकव, मागे, पुढे. फिलर गॅसच्या बाहेर ओढू नका. आणि टंगस्टन थेंबात बुडणार. दिवसातून वीस वेळा बुडणार. प्रत्येक वेळी थांबून टोक घासा. कंटाळून तसंच रेटणाऱ्यांचं वेल्डिंग कधी सुधारलेलं मी पाहिलं नाही.

फिलर दोन प्रकारचे मिळतील, ४०४३ आणि ५३५६. पहिल्यात सिलिकॉन, दुसऱ्यात मॅग्नेशियम, दोन्हींत पाच टक्क्यांच्या आसपास. ४०४३ सैल वाहतो, शिकायला बरा. पण वस्तू पुढे अॅनोडाइझ करणार असाल तर जोड काळपट पडतो, तिथे ५३५६. फिलरशिवाय नुसतं वितळवून कडा जोडायच्या नाहीत. ६०००च्या घराण्यातले धातू तसे चिरतात.

पट्टीवर सरळ ओळ जमली की टी-जोड, मग पातळ. पहिल्या वस्तू जमिनीवर राहणाऱ्या करा. अवजारांची पेटी, घरात ठेवायचं कुंड्यांचं स्टँड, कपडे वाळत घालायची घोडी. ग्रिलबाहेर टांगायचं काही नको, खाली माणसं चालतात.

पावसाळ्याबद्दल लिहायला हवं, कारण ते शिक्षण मला महागात पडलं. तिशीत होतो, कुर्ल्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये. जुलै महिना, स्टेजच्या अॅल्युमिनियमच्या पायऱ्यांचं काम. माल रात्री पत्र्याच्या शेडमध्ये पडून. सकाळी घेतला, पुसला, वेल्ड केला. दिसायला बरं. मालकानं एक जोड करवतीनं कापून माझ्यासमोर ठेवला. आत जाळीच जाळी, अगदी अनारशासारखी. बाराच्या बारा जोड काढून पुन्हा करावे लागले, आणि दोन दिवसांचा पगार गेला तो वेगळा. वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन भरभरून पितं आणि गोठताना तो सोडून देतं. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर तिथेच बुडबुडा. हा हायड्रोजन येतो ओलीतून, तेलातून, घामाच्या बोटांतून. मुंबईत जून ते सप्टेंबर ओलीचा आणि घामाचा सुकाळ. म्हणून फिलर बंद नळीत ठेवा, माल आदल्या दिवशी घरात आणा, आणि जोडाआधी हॉट एअर गननं चटका बसेल इतपत गरम करा. गॅसच्या ज्योतीनं नको. ज्योतीतच पाणी तयार होतं आणि थंड धातूवर घाम सुटतो. खूप पाऊस असेल त्या रविवारी सरळ सुट्टी घ्या.

शेडचं आता. पत्र्याच्या फटीतून आर्क बाहेर दिसतो आणि चाळीतली पोरं बघत उभी राहतात. आतून गडद जाड पडदा लावा. टिगचा आर्क तडतडत नाही, ठिणग्या उडवत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतो. उलट आहे. त्याचे अतिनील किरण जबरदस्त, आणि चकचकीत अॅल्युमिनियमवरून ते परत उसळतात, हेल्मेटच्या खालून हनुवटीपर्यंत. उकडतंय म्हणून बनियनवर बसलात तर संध्याकाळी छातीवर बनियनच्या गळ्याचा लाल छाप उठलेला असेल. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्यापर्यंत बटणं. डोळ्यांना आर्क लागला, रात्री वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, तर बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे थेंब हे आपल्याकडचे उपाय राहू द्या. गार पट्टी ठेवा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब कोणी दिले तरी मनानं घालू नका, जखम भरत नाही.

आर्गनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड. सहा बाय नऊच्या खोलीत दार बंद करून काम करायचं नाही. वाऱ्यानं गॅस उडतो म्हणून पंखा आर्ककडे नको, पण दार उघडं हवं, आणि काम संपलं की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व बंद. लोखंड घासायची जागा नि अॅल्युमिनियम घासायची जागा वेगळी ठेवा. गंजाची पूड आणि अॅल्युमिनियमची पूड एकत्र साठली आणि ठिणगी पडली तर जे होतं त्याच रसायनावर रेल्वेचे रूळ जोडतात.

विजेचं तुम्हाला मी काय सांगणार. १२० अँपिअरपर्यंत सोळाच्या प्लगवर भागेल, पूर्ण ताकदीला स्वतंत्र ३२ची लाइन लागेल. अर्थिंग मोजून घ्या, चाळीतल्या अर्थिंगवर विश्वास ठेवू नका. तुमच्याकडे महावितरण आहे. मंजूर भार किती ते बिलावर छापलेलं असतं, आधी ते बघा. शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन कामं करणार असाल तर घरगुती मीटरवर ते चालेल का, तेही महावितरणला आधी विचारून घ्या.

तसे शेजारी येणारच. ‘आरगन आलंय’ ही बातमी चाळीत दोन दिवसांत फिरते. कोणी कढईचा कान आणेल, तो लावून द्या. कोणी कुकर आणेल. कुकरला हात लावायचा नाही, झाकणाला नाही, तळाला नाही. गॅसच्या शेगडीच्या पाइपलाही नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.

त्या शनिवारी जाऊन आलात की पहिल्या पट्टीचा फोटो पाठवा. वरून नको, वरून सगळ्यांचंच छान दिसतं. जोड मधोमध करवतीनं कापा, कापलेल्या तोंडावर कानस आणि मग बारीक पॉलिश पेपर मारा, आणि तो फोटो काढा. मशीनचं त्यानंतर बोलू.